बदल्यांचा मोसम

यंदा पाडव्याच्या पहाटे पाच वाजता आमच्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होणार आहेत. अभ्यंगस्नान आणि एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, नवा मोसम. तिकडे, पहिली मॅच आहे त्या ओक्लाहोमा सिटीत, तेव्हा मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. इकडे पुण्यात बुधवार उजाडायचा असेल. गिझर एक आणि माणसं चार, म्हणून आंघोळींचं वेळापत्रक लेकीने फ्रिजवर चिकटवलं आहे. पहिल्या क्वार्टरला तिचे बाबा, दुसऱ्याला आजोबा, हाफटाइमला मी. ती स्वतः आदल्या रात्रीच उटणं लावून मोकळी होणार. सूर्योदयाआधी न्हायचं एवढंच शास्त्र आहे ना, मग आदली रात्रही सूर्योदयाच्या आधीच येते, असा तिचा युक्तिवाद. नवऱ्याला क्रिकेटखेरीज कुठला खेळ खेळ वाटत नाही. तो म्हणाला, दुसरी मॅच साडेसातला आहे ना, मग दोन मॅचच्या मधे कधीतरी मला ओवाळून टाक.

माझ्या बाबांना कसलंच वेळापत्रक लागत नाही. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, चारला उठतात, चहा करतात आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून बसतात. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि पाठोपाठ लॉकडाउन लागला. त्या जुलैअखेर एनबीएने ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये बावीस संघांना कोंडून उरलेला मोसम खेळवला. प्रेक्षक नाहीत, पण खेळ आहे. घरात दुसरं काही घडत नव्हतं. लेक दहा वर्षांची होती. दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवर डॅलसकडून खेळणाऱ्या स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिचचा एक फटका पाहिला. क्लिपर्सविरुद्ध, जादा वेळेत, शेवटचा भोंगा वाजता वाजता, डावीकडून मागे सरत टाकलेला तीन गुणांचा. डॅलस १३५, क्लिपर्स १३३. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. लेकीने ती चित्रफीत दिवसभरात तीसेक वेळा पाहिली असेल. बाबा तिच्या खांद्यावरून बघत होते. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तो गोरा पोरगा मागे का गेला? सगळे तर पुढे पळतात." त्या प्रश्नापासून आमच्या घरात तीन पिढ्यांचं बास्केटबॉल सुरू झालं.

खरं तर सुरू पुन्हा झालं. पहिली सुरुवात माझी होती, नागपुरात, पण ते पुढे येईल.

आता २ फेब्रुवारी २०२५ चा रविवार. पावणेअकराची वेळ, पोह्यांच्या ताटल्या अजून टेबलावर. लेक खोलीतून ओरडत आली, "आई, शॅम्सचं अकाउंट हॅक झालंय!" शॅम्स चरानिया हा ईएसपीएनचा बातमीदार. एनबीएतल्या अदलाबदलीची बातमी आधी त्याच्याकडून फुटते आणि मग संघाकडून. त्याने लिहिलं होतं की डॅलसने डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. अख्ख्या जगाला तेच वाटलं, हॅक झालं असणार. मग त्याचा दुसरा संदेश आला: होय, हे खरं आहे.

डॉन्चिच पंचवीस वर्षांचा होता. आठच महिन्यांपूर्वी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. या वयाचा, या ताकदीचा खेळाडू कुठलाही संघ आपणहून देत नाही. आणि त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नव्हतं. निजायच्या वेळी फोन आला आणि कळलं की आपण आता डॅलसचे नाही.

लेकीने विचारलं, "त्याला कुणी विचारलंच नाही?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चष्मा काढला. "रिलीव्ह कधी केलं?" ते म्हणाले.

बाबा अडतीस वर्षं बँकेत होते. मूळचे परभणीचे. जालना, नागपूर, रत्नागिरी, सोलापूर असा आमचा प्रवास. आमच्या घराला स्वतःची एक भाषा होती आणि ती बदल्यांची होती. ऑर्डर निघाली, चार्ज दिला, रिलीव्ह झाले, जॉइनिंग टाइम मिळाला. कुणी प्रमोशन नाकारलं म्हणजे त्याला गाव सोडायचं नाही, हे आम्हा बहिणींना पाढ्यांच्या आधी कळायचं. बदल्यांचा मोसम म्हणजे मे-जून. शाळेचा निकाल आणि ऑर्डर जोडीनेच यायची. मग गोणपाटात बांधलेली भांडी, ट्रकच्या मागे उभं केलेलं कपाट आणि शाळा सोडल्याचा दाखला. त्या दाखल्यावर एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. माझ्या तिन्ही दाखल्यांवर वेगवेगळ्या शाईत एकच उत्तर आहे. वडिलांची बदली.

म्हणून एनबीएचा उन्हाळा मला परका वाटत नाही. तिथेही जून संपता संपता ऑर्डरी निघतात.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाडू दोन वाटांनी संघ बदलतो. करार संपला की तो मोकळा. हवं त्याच्याशी बोलणी करावीत, हवं तिथे सही करावी. दुसरी वाट ट्रेडची. करार चालू असतानाच संघ त्याला दुसऱ्या संघाकडे धाडतो, बदल्यात तिकडचे खेळाडू घेतो किंवा पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे त्यांचे हक्क घेतो. खेळाडूचा करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. त्याची सही लागत नाही. 'माझ्या संमतीशिवाय बदली नाही' असं कलम करारात घालून घेतलेले खेळाडू अख्ख्या लीगमध्ये बोटांवर मोजण्याइतके. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे म्युच्युअल बदली. फक्त दोघांनाही न विचारता केलेली."

पैशांचा भाग त्यांना माझ्याहून लवकर कळला. संघाने पगारावर किती खर्च करावा याला सीमा आहे. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर. ती ओलांडता येते, पण जितकं वर जावं तितके हात बांधले जातात. सगळ्यात वरच्या रेषेला दुसरा एप्रन म्हणतात, ती २० कोटी ७८ लाखांच्या आसपास. तिच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. बॉस्टनने २०२४ चं अजिंक्यपद जिंकलं आणि एका वर्षात त्याच संघातले ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस देऊन टाकले, ते मुख्यतः या एप्रनच्या धाकाने. लेक म्हणाली, एप्रन हे काय नाव आहे? बाबा म्हणाले, स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कपडे कशाने खराब होतात ते कळत नाही.

डॉन्चिचच्या बाबतीत त्यांचं बोट बरोबर दुखऱ्या जागी पडलं. तो डॅलसमध्येच राहिला असता तर त्याच उन्हाळ्यात पाच वर्षांच्या, सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरच्या कराराला पात्र ठरणार होता. अशा खास कराराचा हक्क जुन्या संघातच असतो. संघ बदलला की गेला. "ग्रॅच्युइटीच्या तोंडावर काढला," बाबा म्हणाले. मग त्याच्या वजनाबद्दल, शिस्तीबद्दल, पोटरीच्या दुखापतीबद्दल बातम्या झिरपायला लागल्या. "आता सी. आर., म्हणजे गोपनीय अहवाल, खराब करतायत." डॅलसचे तेव्हाचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी कारण दिलं की बचावच अजिंक्यपद जिंकून देतो. यावर बाबांनी काही भाष्य केलं नाही. साहेबांनी दिलेल्या कारणांवर भाष्य न करण्याची त्यांची अडतीस वर्षांची सवय आहे.

डॅलसच्या स्टेडियमबाहेर डर्क नोवित्स्कीचा पुतळा आहे. एक पाय उचलून, मागे झुकून शॉट टाकणारा डर्क. जर्मनीतून आला आणि एकवीस मोसम एकाच संघातून खेळला. २०११ चं अजिंक्यपद त्याने आणलं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर निष्ठा कधी विटत नाही अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. ट्रेडची बातमी आल्यावर लोक त्याच पुतळ्यापाशी जमले. फुलं ठेवली, कुणी तर शवपेटी आणली. डॅलसजवळच्या फ्रिस्कोला माझी मावसबहीण राहते. लेकीची डॉन्चिचच्या ७७ नंबरची निळी जर्सी तिच्याच बॅगेतून, शेंगदाण्याची चटणी नेऊन परत येताना आलेली. तिचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण इथे आज सुतक असल्यासारखं वाटतंय."

मला त्यातली एक गोष्ट खटकते, आणि डॅलसवाल्यांची माफी मागून लिहिते. डॉन्चिच त्यांच्याकडे आला तोही एका ट्रेडमधूनच. २०१८ च्या ड्राफ्टच्या रात्री अटलांटाने त्याला निवडलं आणि ट्रे यंगच्या बदल्यात डॅलसला दिलं. त्याआधी तेराव्या वर्षी तो ल्युब्लियानातलं घर सोडून रेआल माद्रिदच्या अकादमीत राहायला गेला होता, स्पॅनिशचा एक शब्द येत नसताना. ज्याला आपण आपला म्हणतो तो कुठूनतरी उपटलेलाच असतो. आपल्या गावात रुजला की आपण ते विसरतो.

९ एप्रिलला लेकर्सचा संघ डॅलसला गेला. आपल्याकडे १० तारखेची पहाट, महावीर जयंतीची सुट्टी, त्यामुळे लेकीला शाळेचं बंधन नव्हतं. प्रत्येक खुर्चीवर एकेक टी-शर्ट ठेवलेला होता, स्लोव्हेनियन भाषेत 'सगळ्याबद्दल आभार' लिहिलेला. मॅचआधी त्याच्या सात वर्षांची चित्रफीत दाखवली तेव्हा तो बाकावर टॉवेल घेऊन बसला होता आणि सरळ रडत होता. मग उठून त्याने ४५ गुण काढले. लेक ७७ ची निळी जर्सी घालून बसली होती आणि टाळ्या लेकर्सच्या पिवळ्या जर्सीला वाजवत होती. बाबा मधेच म्हणाले, "निरोप समारंभ इतका उशिरा ठेवतात होय? आमच्यात रिलीव्ह व्हायच्या दिवशीच ठेवायचे. समोसा, वेफर्स आणि भिंतीवरचं घड्याळ."

आता नागपूर. धरमपेठेतल्या एका मैदानात सिमेंटचं कोर्ट होतं, एका रिंगची जाळी कायम फाटलेली. नागपूरला बास्केटबॉलचं वेड जुनं आहे आणि मुलींनी खेळण्याला तिथे कुणी नाकं मुरडत नसत. उन्हाळ्यात सिमेंट इतकं तापायचं की सर संध्याकाळी आधी बादल्यांनी पाणी मारायला लावायचे. मी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ आखणारी. उंची बेतास बात, पण डाव्या हाताने ड्रिबल करायची. आठवी संपली तेव्हा सर म्हणाले, नववीत तू विभागीयला जाणार. जूनमध्ये रत्नागिरीची ऑर्डर आली. १९९३ साल. रत्नागिरीच्या माझ्या शाळेत खो-खो होता, कबड्डी होती, समोर आंब्याची झाडं होती. बास्केटबॉल नव्हता. मी चेंडू कपाटावर ठेवला आणि त्यातली हवा हळूहळू आपोआप गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मायकल जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली. किल्लारीच्या भूकंपाला आठवडाच झाला होता, वर्तमानपत्र उघडवत नव्हतं. बाबा मराठवाड्यातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ट्रंक कॉल लावत होते. क्रीडापानाच्या एका कोपऱ्यात ती बातमी होती. मी सोडलं त्याच वर्षी त्यानेही सोडलं, याचं मला चौदाव्या वर्षी विचित्र समाधान वाटलं होतं. तो दीड वर्षाने परत आला. मी नाही.

या सगळ्याचा राग मी बाबांवर कधीच काढला नाही. काढायचा कसा? ऑर्डर होती. मी तो राग मुंबईतल्या कुठल्यातरी काचेच्या केबिनमधल्या, कधीही न पाहिलेल्या साहेबावर काढला. बत्तीस वर्षं तो साहेब माझ्या मनात पान खात बसलेला आहे.

आणि मग या सप्टेंबरात केव्हिन ड्युरँटवरून वाद झाला.

ड्युरँटची हकिगत अशी. २००७ मध्ये सिअ‍ॅटलने त्याला निवडलं. पुढच्या वर्षी मालकाने संघच उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. म्हणजे त्याची पहिली बदली ही अख्खी शाखा हलवल्याने झालेली. तिथे तो वाढला, २०१४ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्धच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन त्याचा संघ हरला आणि ४ जुलैला, करार संपलेला असताना, त्याने जाहीर केलं की मी गोल्डन स्टेटकडे जातोय. ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याच घरात. ओक्लाहोमात जर्सी जाळल्या गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत तो तिथे खेळायला आला तेव्हा लोक कपकेकची चित्रं छापलेले शर्ट घालून आले होते. कपकेक म्हणजे मऊ, भित्रा. त्याने गोल्डन स्टेटकडून दोन अजिंक्यपदं जिंकली, मग ब्रुकलिन, मग फीनिक्स, आणि आता ह्यूस्टन. या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला एका कार्यक्रमात मंचावर बसलेला असताना बातमी फुटली आणि समोरच्या गर्दीसमोरच त्याला ती कळली. सात संघ गुंतलेला व्यवहार होता. पण ह्यूस्टन हे त्याच्या पसंतीच्या यादीतलं नाव होतं.

लेक म्हणाली, "ड्युरँट म्हणजे गद्दार. लुकाला पाठवलं, हा आपला आपण पळतो. पाचवा संघ!"

गद्दार हा शब्द महाराष्ट्रात अलीकडे फार स्वस्त झाला आहे, तो जेवणाच्या टेबलावरसुद्धा सहज येतो. मी गप्प राहिले. मलाही थोडं तसंच वाटत होतं. संघाने खेळाडूला विकलं तर तो व्यवहार, आणि खेळाडूने संघ सोडला तर तो विश्वासघात, हा न्याय वाकडा आहे हे मला समजतं. पण समजणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं.

बाबा भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "मागून घेतली तर एवढं काय? मीही घेतली होती."

"कुठली?"

"रत्नागिरीची."

पोळपाट तसाच राहिला. मी म्हटलं, "ऑर्डर होती ना ती?"

"ऑर्डर असतेच. मागून घेतली तरी ऑर्डरच निघते. नागपूरचे साहेब सोडत नव्हते. चांगली शाखा होती, पुढचं प्रमोशनही तिथूनच झालं असतं. मी दोनदा अर्ज केला."

"का पण?"

ते थोडे ओशाळले. "परभणीचा माणूस मी. समुद्र बघायचा होता."

"बघायचा तर सुट्टीत—"

"रोज," ते म्हणाले. "रोज बघायचा होता."

मग म्हणाले, "तुझ्या आईला ठाऊक होतं. तीच म्हणाली, पोरींना ऑर्डर आली असं सांगा."

लेक त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. मी पोळी उलटली. ती करपलेली होती.

त्या रात्री मी रागवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण साहेबाच्या केबिनमधून साहेबाला उठवून तिथे बाबांना बसवणं काही जमेना. त्याऐवजी रत्नागिरीचं एक दृश्य समोर यायला लागलं. मांडवीची जेट्टी, संध्याकाळ, आणि बँकेच्या कपड्यांतले बाबा, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. आम्हाला वाटायचं, येताना भाजी आणायची म्हणून तिकडून येतात. हिशोब केला तर ते तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी आज सेहेचाळीसची आहे.

पाडव्याच्या पहाटे ओक्लाहोमात अजिंक्यपदाचा ध्वज छताला चढणार आहे, खेळाडूंना अंगठ्या मिळणार आहेत. आणि त्या सोहळ्याला पाहुणा संघ कोण, तर ह्यूस्टन. लाल जर्सीतला सदतीस वर्षांचा ड्युरँट हे सगळं कडेला उभा राहून पाहणार. वेळापत्रक आखणाऱ्याला नाटकाची जाण आहे, एवढं म्हणता येईल. लोक त्याची हुर्यो उडवणार हे नक्की. पण तो गेला नसता तर हा संघ असा उभाच राहिला नसता, असंही एक गणित आहे. ओक्लाहोमाने २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवलं आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एकच मोसम खेळलेला पोरगा आणि पाच पहिल्या फेरीचे हक्क मिळवले. त्यातल्या एका हक्कातून जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये शे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम फेरीचाही. गेल्या मोसमात ८२ पैकी ६८ सामने जिंकलेला हा संघ दुसऱ्यांनी दिलेल्या माणसांतून झाला आहे. शे याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही तक्रार केली नाही, निदान मोठ्याने.

ह्यूस्टनचं यंदा काय होईल ते मला नीटसं दिसत नाही. गेल्या वर्षी ५२ सामने जिंकलेला तरणाबांड संघ; त्याने ड्युरँटसाठी जेलन ग्रीन आणि डिलन ब्रूक्स दिले. गुणांची भूक भागेल. पण त्यांचा अनुभवी पॉइंट गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीट सप्टेंबरात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून बसला. चेंडू वर कोण नेणार? मी स्वतः पॉइंट गार्ड, त्यामुळे मला आधी तेच दिसतं. नवरा विचारतो, नेला कुणीही वर तर काय बिघडतं? त्याला मी उत्तर देत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात एनबीए मुंबईत आलं होतं, वरळीच्या डोममध्ये, इंडियाना आणि सॅक्रामेंटो. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. शनिवारच्या सामन्याला मी लेकीला घेऊन शिवनेरीने दादरला उतरले. तिला त्यातलं आता काहीही आठवत नाही, पॉपकॉर्नखेरीज. पण मी ते दोन संघ मनात अधूनमधून मोजते. इंडियानाचा डोमँटस सबोनिस आज सॅक्रामेंटोत आहे. सॅक्रामेंटोचा डिअ‍ॅरन फॉक्स सॅन अँटोनियोत. सबोनिसच्या बदल्यात २०२२ मध्ये इंडियानाला टायरीस हॅलिबर्टन मिळाला. त्याला सॅक्रामेंटो सोडायचं नव्हतं, तो रडला होता. त्याच हॅलिबर्टनने इंडियानाला या जूनमध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि पहिल्याच क्वार्टरला त्याची टाचेची शीर तुटली. हा सगळा मोसम तो बाकावर. आणि दहा वर्षं इंडियानातच राहिलेला माइल्स टर्नर उन्हाळ्यात मिलवॉकीला गेला. त्याचा पगार बसवायला मिलवॉकीने डेमियन लिलर्डला करारातून मोकळं केलं, सुमारे ११ कोटी डॉलर पाच वर्षांत फेडण्याच्या बोलीवर. लिलर्डचीही टाचेची शीर तुटलेली. तो सरळ पोर्टलँडला परतला, जिथे त्याने अकरा वर्षं काढली होती आणि जिथे त्याची मुलं राहतात. यंदा खेळणार नाही, तरी त्यांनी त्याला तीन वर्षांचा करार दिला आणि ते दुर्मीळ कलमही दिलं: संमतीशिवाय बदली नाही. बाबांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "शेवटची पोस्टिंग गावाजवळ मिळाली. बरं झालं."

डॉन्चिचची मॅच पाडव्याच्याच सकाळी साडेसातला आहे, लेकर्स विरुद्ध गोल्डन स्टेट. उन्हाळ्यात त्याने वजन उतरवलं, लेकर्सशी नवा करार केला, स्लोव्हेनियाकडून युरोबास्केट खेळला. त्याच संघातल्या लेब्रॉन जेम्सचा हा तेविसावा मोसम, पण कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेमुळे तो पहिल्या सामन्याला नाही. त्याच्या कारकिर्दीत असं प्रथमच होतंय. म्हणजे त्या दिवशी घर एकट्या लुकाचं. लेकीला पिवळी ७७ हवी आहे. मावसबहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली डॅलसमध्ये राहून मी ती विकत घेणार नाही, मला इथे तोंड दाखवायचंय. बास्केटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी बाई.

आणि भाऊबीजेच्या सकाळी सातला डॅलस विरुद्ध सॅन अँटोनियो. डॉन्चिच गेल्यावर डॅलसची रयाच गेली. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, कायरी अर्विंगचा गुडघा गेला, संघ ३९ जिंकून ४३ हरला. मग मे महिन्यात ड्राफ्टची सोडत निघाली. पहिल्या क्रमांकाची शक्यता त्यांना १.८ टक्के होती, आणि चिठ्ठी नेमकी त्यांचीच निघाली. कूपर फ्लॅग. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या चिमुकल्या गावचा, अजून एकोणीस पुरे व्हायचेत. ज्या शहराने फेब्रुवारीत शवपेटी आणली होती, ते आता या पोराच्या नावाच्या जर्सी घेत आहे. त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी सव्वासात फुटांहून उंच व्हिक्टर वेम्बन्यामा.

लेक फ्लॅगवर नाराज आहे. तिचं म्हणणं, हा लुकाच्या जागेवर आला. मी म्हटलं, अगं, जागा रिकामी कुणी केली? याने तर नाही. ती म्हणाली, ते मला कळतं, पण मी बघणार नाही. बघेल. फ्रिजवरच्या वेळापत्रकात भाऊबीजेच्या रकान्यात तिने स्वतःच '७ वा.' लिहून ठेवलं आहे.

काल चकल्या तळत असताना बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, चव बघायला आलेत. एक तुकडा तोंडात टाकला, पण गेले नाहीत.

"तो नवा पोरगा," ते म्हणाले, "मेनवाला. तिकडे थंडी ना? आणि डॅलस गरम."

"हो."

"आईबाप बरोबर आलेत का त्याचे? राहायची सोय कुठे केलीय?"

मी झारा कढईवर आडवा ठेवला. "शोधून सांगते," म्हटलं.